पुडीतलं बी

माझ्या सासूबाई पोटात पाणी होऊन गेल्या. आयुष्यात त्यांनी दारूचा थेंब घेतला नव्हता, तरी लिव्हर गेलं हे कळल्यावर गावातल्या बायका पाठीमागे म्हणायच्या, “चोरून घेत असंल म्हातारी.” शेवटच्या महिन्यात त्यांना लुगडं नेसता येईना. गाऊन घालून, पाठीला दोन उशा लावून त्या बसून झोपायच्या. माझी बायको चाळीस दिवस त्यांच्याजवळ होती. परत आली तेव्हा चपला काढता काढता एवढंच म्हणाली, “मला असं मरायचं न्हाई. दुसरं कसंबी चालंल.”

त्याला नऊ वर्षं झाली, आणि तिचं लिव्हर तपासायची वेळ आली.

मी जालन्याच्या एमआयडीसीत, बियाण्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करतो. चोवीस वर्षं झाली. माझं काम बी मोजण्याचं. पोत्यातून नमुना काढायचा, पांढऱ्या पाटावर पसरायचा, चिमट्यानं पिकाचं बी एका बाजूला, तणाचं दुसऱ्या बाजूला, काडीकचरा तिसऱ्या बाजूला करायचा. मग शंभर-शंभराच्या चार ओळी ओल्या कागदात गुंडाळून उगवणीच्या कपाटात ठेवायच्या आणि ठरलेल्या दिवशी किती उगवलं ते लिहायचं. एक जरी कमी-जास्त लिहिलं गेलं तरी माझ्या जिवाला चैन पडत नाही. घरीही तसंच. गॅसची टाकी किती दिवस गेली हे आमच्या दाराच्या मागे खडूनं लिहिलेलं असतं.

गेल्या वर्षी हिवाळ्यात कंपनीनं कामगारांची आणि त्यांच्या घरच्यांची तपासणी ठेवली. सोनोग्राफीत मला पहिल्या दर्जाचं फॅटी लिव्हर निघालं आणि बायकोला दुसऱ्या. कागद वाचून ती म्हणाली, “लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पहिल्यांदा तुमच्या पुढं गेले मी.” ती हसली, पण रिक्षात बसल्यावर पदराखाली स्वतःचं पोट चाचपत होती.

पोटाच्या डॉक्टरांनी लिव्हरचा कडकपणा मोजणारं यंत्र लावलं. आकडा १०.८ आला, सातच्या आत हवा होता. तिला आठ वर्षांपासून साखर आहे, वजन ७८.५. डॉक्टर म्हणाले, “चरबी मागे फिरते. व्रण पडले की ते सहजासहजी फिरत नाहीत. तुमच्या मिसेसना व्रण पडायला लागलेत. सात-आठ किलो वजन उतरवा, रोज चाला.”

“गोळी?” मी विचारलं.

“असती तर आधी तीच लिहिली असती. यांना चालेल अशी खात्रीची गोळी आज माझ्याकडे नाही.”

मी वही केली. तारीख, वजन, पोटाचा घेर, पावलं, औषध, एसजीपीटी. एसजीपीटी म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारा आकडा. तो चाळीसच्या आत असावा, हे मला पाठ झालं होतं. एका पानावर ती आणि समोरच्या पानावर मी. तुलनेला एक नमुना हवाच, ही प्रयोगशाळेची सवय.

पाच महिने आम्ही रोज पहाटे चाललो. तिची टाच दुखायची. मस्तगडच्या चढावर ती थांबून म्हणायची, “तुम्ही व्हा पुढं, मी मरत न्हाई एवढ्यात.” पाच महिन्यांनी वजन ७६.९ झालं आणि एसजीपीटी १०४ वरून ११२ वर गेलं. त्या संध्याकाळी तिनं स्वयंपाक केला नाही. म्हणाली, “आईचं बी असंच व्हतं. काही करा, वरच.”

कारखान्यात पोती भरण्याच्या विभागातल्या एकानं मला जाफराबादकडच्या एका मामांचा पत्ता दिला. त्याची कावीळ त्यांनी घालवली होती. मामा रविवारी आणि बुधवारीच औषध देत. एक पैसा घेत नसत. आपलं गायीचं ताक तांब्यात न्यायचं, त्यात ते पुडी सोडत, उपाशीपोटी तिथंच प्यायचं आणि घरी पोहोचेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही. औषधाचं नाव विचारायचं नाही आणि त्यांनी सांगायचं नाही. सांगितलं की गुण जातो. हा नियम आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी बायकोनं मला देवासमोर उभं करून वदवून घेतलं. “तुमची सवय मला ठावं हाय. तुम्ही इचारसाल. बिलकुल इचारायचं न्हाई.”

मामा सत्तरीचे, बारीक, टोपी घातलेले. कागद पाहायलाच तयार नव्हते. “लिव्हर-बिव्हर मला कळत न्हाई, पाव्हणं. मी पिवळ्याचं औषध देतो. तुमच्या मालकिणीला पिवळं झालेलं न्हाई.”

“तरी द्या, मामा,” ती म्हणाली. “माझी आई गेली यानं.”

त्यांनी थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं. “तीन पुड्या देईन. रविवार, बुधवार, रविवार. चौथी मागायची न्हाई. अन् एकवीस दिवस तेल, तिखट, गोड, तळलेलं बंद. ज्वारीची भाकर अन् ताक.”

परतताना जीपमध्ये ती तोंड मिटून बसली. शेजारची बाई तिला कुठलं गाव, किती लेकरं विचारत राहिली, आणि उत्तरं मी देत राहिलो. शेवटी ती बाई मला म्हणाली, “मुकी हाय का हो? लई चांगलं केलं सांभाळलं ते.” घरात पाऊल टाकल्यावर बायको इतकी हसली की उंबऱ्यावरच बसली. कित्येक महिन्यांनी हसली होती.

एकवीस दिवसांनी एसजीपीटी ८४ आलं. अठ्ठावीसनं कमी. मी तो कागद तीनदा वाचला.

इथून पुढचं मी सरळ लिहितो.

तिसऱ्या पुडीचा कागद मी खिशात ठेवला होता. त्याच्या घडीत चिमटीभर चुरा राहिला होता. मी कोणाला विचारणार नव्हतो, पण स्वतः पाहायला बंदी नव्हती, अशी मी माझी समजूत घातली. प्रयोगशाळेत भिंगाखाली तो चुरा पाटावर पसरला. तपकिरी, ओळखू न येणारा भुगा आणि त्यात अकरा बारीक बिया. भुग्याचं मला काही करता येत नव्हतं. बियांचं येत होतं. ओल्या कागदावर ठेवल्या. अकरापैकी चार उगवल्या. ती रोपं मी घरी कुंडीत लावली आणि बायकोला मेथी आहे असं सांगितलं. ती म्हणाली, “चार काड्यांची भाजी कोण खाणार?” पाचव्या आठवड्यात पानांच्या खाली मोहरीएवढे हिरवे मणी ओळीनं लागले. भुईआवळी. आमच्याकडे पावसाळ्यात शेताच्या बांधावर, म्हणजे धुऱ्यावर, अंगणात, नालीच्या कडेला कुठंही येते.

फोनवर शोधलं तर भुईआवळी लिव्हरसाठी पूर्वीपासून वापरतात असं सापडलं. चरबी झालेल्या लिव्हरवर वनस्पतींच्या अर्काचा काय परिणाम होतो यावर अभ्यास चालू आहेत, असंही वाचलं. माझ्या मनात शंका उरली नाही. मामांचं गुपित मी बियांवरून काढलं होतं, कोणालाही न विचारता.

मग त्रैराशिक मांडलं. तीन पुड्यांना अठ्ठावीस. चाळीसपर्यंत यायला अजून चव्वेचाळीस. म्हणजे सुमारे पाच पुड्या, आणि मामा चौथीही देणार नव्हते. पुडीचं वजन मला माहीत नव्हतं, म्हणून हात मोकळा ठेवला. धुऱ्यावरून गाठोडंभर झाडं उपटून आणली, कारखान्याच्या शेडमागे वाळवली, सुट्टीच्या दिवशी चुलत भावाच्या शेतावर काढा आटवून काकवीसारखा दाट केला. रोज दोन चमचे.

तिला सांगितलं, मामांनी जीपवाल्याबरोबर बाटली पाठवली. नाव मला कळलंय हे समजलं असतं तर तिनं ते तोंडाला लावलं नसतं. ती रोज सकाळी पूर्वेला तोंड करून, डोळे मिटून प्यायची. कडू इतकं की अंग शहारायचं. “मामाचे उपकार कसे फेडावे,” असं एकदा म्हणाली. मी वहीत ‘औषध’ या रकान्यात बरोबरची खूण केली.

पथ्य एकवीस दिवसांनी सुटलं होतं. कारखान्यात हंगाम होता, चालणंही सुटलं. डॉक्टरांची तारीख दसऱ्यानंतर होती. मी ठरवलं होतं, मध्ये रक्त तपासायचं नाही, त्या दिवशी एकदम चाळीसच्या आतला कागद त्यांच्या टेबलावर ठेवायचा.

सहाव्या आठवड्यात तिला खाज सुटली. सातव्यात जेवण जाईना. एका सकाळी अंगणात उजेडाला उभी राहून म्हणाली, “आवं, माझे डोळे बघा बरं.” हळदीच्या पाण्यासारखे झाले होते. मी तिची पापणी खाली ओढून पुन्हा पाहिलं. ती मात्र मला धीर देत होती. “पिवळं झालं तर होऊ द्या. पिवळ्याचंच तर औषध चालू हाय.” आणि तिनं बाटलीकडे हात केला.

मी बाटली उचलून मोरीत ओतली. ती बघत राहिली.

एसजीपीटी ६८४. काविळीचा आकडा, बिलिरुबिन, ९.२. दाखल केलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. “काय दिलंत?”

मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्यानंच मला जास्त भीती वाटली.

“भुईआवळीच होती, नक्की?”

“हो.”

“आणि त्या पुडीत तेवढंच होतं?”

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि थांबलो. त्या तपकिरी भुग्याचं मला काहीच माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, “मला सगळी नावं लागतील. पुढचे चार-पाच दिवस महत्त्वाचे आहेत. लिव्हर सावरलं नाही तर आपल्याला मोठ्या शहरात हलवावं लागेल, आणि तिथं बदलण्याचीच भाषा निघेल.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पहिल्या एसटीनं जाफराबाद, तिथून जीप. मामांच्या दारात अकरा माणसं तांबे घेऊन बसली होती. मामांनी एका बाईचा तांब्या हातात घेतला होता.

“मामा, पुडीत काय होतं ते सांगा.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एक म्हातारा म्हणाला, “काय करून राह्यले हो, नेम माहीत न्हाई का?”

मामांनी तांब्या खाली ठेवला. “पथ्य मोडलं का?”

“ती दवाखान्यात आहे. डोळे पिवळे झालेत. डॉक्टरला नाव पाहिजे.”

“तीन पुड्या उन्हाळा सरताना गेल्या. आता दसरा आला. एवढ्या दिवसांनी?”

मग मी त्या अकरा माणसांसमोर सांगितलं. कागद, भिंग, बिया, रोपं, काढा, चमचे.

मामा उठले. मला घराच्या मागे घेऊन गेले. तिथं एका पोत्यावर काळपट मुळ्या वाळत घातल्या होत्या, आणि पोत्याच्या चारी बाजूंनी ओल्या जमिनीवर भुईआवळी माजली होती, सतरंजी अंथरावी तशी.

“इथं वाळू घालतो. वाऱ्यानं बी येऊन पडत असंल, नाहीतर झाडून घेताना लागत असंल,” ते म्हणाले. “माझ्या औषधात हिचं पान न्हाई, बी न्हाई. माझी मुळी हाय. मुळीला बी कुठून येणार?” मग म्हणाले, “तुम्ही बियाण्यातले ना, पाव्हणं? मंग तण काहून वळखलं न्हाई?”

चोवीस वर्षं मी पाटावर पिकाचं बी आणि तणाचं बी वेगळं केलंय. ज्या नमुन्यात नुसतं तणाचंच बी आहे, त्यात पीक कुठलं हे कसं कळणार, हा प्रश्न मला पडला नाही. जे उगवलं तेच औषध, असं धरून मी चाललो, कारण मला फक्त उगवलेलं मोजता येतं.

“ही मुळी न्हाई बाधली तिला,” मामा म्हणाले. “तीन पुड्यांनी कुणालाच बाधली न्हाई आजपर्यंत.”

“मामा, मला ते म्हणायचं नाही. डॉक्टरला सगळं पाहिजे. चार दिवसांचा प्रश्न आहे.”

ते पोत्याजवळ उकिडवे बसले. एक मुळी उचलून चोळत राहिले. “माझ्या बापानं जाताना कानात सांगतलं. मी माझ्या लेकाला अजून सांगतलं न्हाई.” मग म्हणाले, “वाका.”

मी वाकलो. त्यांनी नाव सांगितलं आणि एक मुळी माझ्या हातात दिली.

पुढच्या अंगणात येऊन त्यांनी हात जोडले. “उठा आता. आजपास्नं औषध बंद.”

“मामा, मी पिंपळगावाहून आल्तो,” तो म्हातारा म्हणाला. “नात पिवळी पडली हो.”

“डॉक्टरकडं न्या तिला. जल्दी न्या.”

मी त्या माणसांच्या मधून बाहेर पडलो.

डॉक्टरांनी दोन्ही नावं लिहून घेतली, मुळी उलटसुलट पाहिली. “हिनं झालं, तिनं झालं, तुम्ही ते आटवल्यानं झालं, की गाठोड्यात दुसरं एखादं झाड आलं, हे आज कोणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. दोन्ही बंद.”

“पण डॉक्टर, अर्कांवर अभ्यास चालू आहेत. मी वाचलंय.”

“मीही वाचतो. चालू आहेत, आणि उद्या एखाद्या झाडातून या रोगाचं औषध निघेलही. निघालं तर मीच लिहून देईन. पण ते लोक अर्कात काय किती आहे ते मोजतात. तुम्ही काय मोजलंत?”

“चमचे,” मी म्हणालो.

त्या दुपारी खाटेजवळ बसून मी वही उघडली, आणि पहिल्यांदाच समोरचं पान नीट पाहिलं. माझं. त्या एकवीस दिवसांत घरात तिच्यासाठी जे शिजलं तेच मी खाल्लं होतं. भाकर आणि ताक. मी एकही पुडी घेतली नव्हती, आणि माझंही एसजीपीटी ६१ वरून ४७ वर आलं होतं. आकडा मी माझ्याच हातानं लिहिला होता. वहीत पथ्याचा रकानाच नव्हता.

चौथ्या दिवशी बिलिरुबिन वाढायचं थांबलं. डॉक्टर म्हणाले, हलवायची घाई नको. त्या संध्याकाळी ती पडल्या पडल्या म्हणाली, “मामाचं औषध समद्यांना लागू पडतं, मलाच न्हाई. माझंच नशीब आईसारखं.”

मग मी सांगितलं.

ती छताकडे बघत होती. “म्हंजे जीपवाला, बाटली, ते समदं…”

“खोटं.”

“मी हात जोडून पीत व्हते. चाळीस दिवस.”

“एकोणपन्नास,” माझ्या तोंडून निघून गेलं.

“हां,” ती म्हणाली. “तुमचा आकडा बराबर असतो.”

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, “मामानं नाव सांगतलं?”

“हो.”

“मला सांगू नका.” मग म्हणाली, “उभं राह्यता आलं की मला तिथं न्या.”

दिवाळीनंतर नेलं. बुधवार होता, पण अंगणात कोणी नव्हतं. मामा खाटेवर बसून कापसाची बोंडं सोलत होते. ती त्यांच्या पायाशी बसली. “मामा, तुमच्या औषधानं न्हाई झालं. यांनी केलं. मी गावात समद्यांना सांगते.”

“मला ठावं हाय, बाई,” ते म्हणाले. “पण मी नेम मोडला. आता कोणत्या तोंडानं देऊ? एखाद्याला न्हाई गुण आला तर?” त्यांनी तिचे डोळे उजेडाला धरून पाहिले. “उतरलंय,” म्हणाले.

कावीळ उतरली. एसजीपीटी दोनशे दहा, मग ८८. पण कडकपणाचा आकडा १०.८ होता तो १४.६ झाला. डॉक्टर म्हणाले, यातली काही सूज असेल, तीन महिन्यांनी पुन्हा मोजू, तेव्हा खरं कळेल. सोनोग्राफीत पोटात किंचित पाणी दिसलं. मीठ कमी करायला सांगितलं, पथ्य आणि जमेल तेवढं चालणं पुन्हा सुरू करायला सांगितलं, आणि पाणी वाढतंय का ते कळायला घेर रोज मोजायला. रोज एकाच वेळी, चहाच्या आधी, बेंबीवरून.

कुंडीतली चार रोपं मी उपटून टाकली. त्यांच्या बिया आधीच खाली सांडल्या असणार, पुढच्या पावसाळ्यात येतील.

आता रोज सकाळी ती भिंतीला पाठ लावून उभी राहते. टेपचं एक टोक ती बेंबीवर धरते, मी मागून फिरवून आणतो. तिच्या अंगाला पूर्वी फोडणीचा वास यायचा, आता येत नाही. परवा ९१ होता, काल ९१.

“किती?” आज तिनं विचारलं.

मी टेप सैल करून पुन्हा लावली. पुन्हा पाहिली.

“किती, आवं?”

“ब्याण्णव.”

टेपचं टोक तिनं सोडलं नव्हतं. मग म्हणाली, “राती भाकर जास्त झाली असंल.”

रात्री तिनं अर्धीच भाकर खाल्ली होती. मी पाहिलं होतं. “असेल,” मी म्हणालो.

तिनं गाऊन नीट केला आणि चहा ठेवायला आत गेली. मी वही उघडली. आयुष्यात पहिल्यांदा मला एक कमी लिहावंसं वाटलं. पेन बराच वेळ हातात धरून मी बसलो, आणि ब्याण्णव लिहिलं.